हौदात पाणी कोण सोडत होतं?

आमच्या दहावी ‘ब’च्या ग्रुपवर एरवी सकाळी फुलं, दुपारी शेअर मार्केट आणि रात्री जुनी गाणी एवढंच असतं. गेल्या महिन्यात मात्र तिथे चांगलीच जुंपली. वर्गातल्या एकाने वडिलांना वृद्धाश्रमात ठेवलं ही बातमी कुणीतरी आणली, आणि शाळेत असताना ज्यांना त्याचे वडील दिसतात कसे हेही माहीत नव्हतं ते सगळे एकदम म्हाताऱ्याचे कैवारी झाले. संस्कार निघाले, श्रावणबाळ निघाला, कलियुग निघालं. मग एकाने ठेवणीतली गोष्ट टाकली. बिरबलाची माकडीण.

गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी सांगते. बादशहाने विचारलं, जगात सगळ्यात प्रिय काय? दरबार म्हणाला, आईला आपलं मूल. बिरबलाने कोरड्या हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू सोडलं आणि हौद भरायला लावला. पाणी कमरेला आलं, तिने पिल्लू कडेवर घेतलं. छातीला आलं, खांद्यावर घेतलं. गळ्याशी आलं, डोक्यावर धरलं. नाकातोंडात जायला लागलं तेव्हा मात्र तिने पिल्लाला पायाखाली घेतलं आणि त्याच्यावर उभी राहिली. तात्पर्य, ज्याला त्याला आपला जीव प्यारा.

“शेवटी माणूस म्हणजे हाच,” असं खाली लिहून त्याने हात जोडले होते. मी काही लिहायला घेतलं तेवढ्यात एकीने मला गाठलंच. “तू तर बोलूच नकोस गं, तू तिकडे जाऊन बसलीयेस.”

खरं आहे, मी तिकडे बसले आहे. व्हिएन्नात, सोळावं वर्ष चालू आहे. आणि त्याच आठवड्यात माझ्या चौदा वर्षांच्या मुलाच्या शाळेतून आलेलं एक संमतीपत्र फ्रीजवर चुंबकाखाली लटकत होतं. सहल माउटहाउझेनला. बरोबर डबा, पाण्याची बाटली, बंद बूट, खाली पालकांची सही. ऑस्ट्रियातल्या बऱ्याच शाळा या वयाच्या मुलांना तिथे नेतात. आपल्याकडे रायगड-प्रतापगड, इथे नाझींची छळछावणी.

छळछावणी हा शब्द आपण मराठीत फार स्वस्त केला आहे. होस्टेलची मेस छळछावणी, ऑफिस छळछावणी, लग्नानंतरची पहिली दिवाळी छळछावणी. २००६ साली नवी मुंबईत चक्क हिटलरच्या नावाने एक रेस्टॉरंट निघालं होतं. मुंबईतल्या ज्यू समाजाने आवाज उठवल्यावर पाटी बदलली. मी कुणाला नावं ठेवत नाही, कॉलेजात मीही हे शब्द असेच वापरायची. काठावरून हौद दिसतो, पाण्याचा गारठा लागत नाही.

माउटहाउझेन हे डॅन्यूबच्या काठचं, लिंझजवळचं छोटं गाव. हिटलरने ऑस्ट्रिया गिळला मार्च १९३८ मध्ये आणि ऑगस्टमध्ये इथली छावणी सुरूही झाली. ग्रॅनाइटची खाण, तिथून वर येणाऱ्या १८६ पायऱ्या, पाठीवर दगड घेऊन त्या चढणारे कैदी. इथे आणि इथल्या उपछावण्यांत मिळून सुमारे १,९०,००० माणसं आणली गेली, त्यातली निदान ९०,००० मेली. मुलांना हे सगळं दाखवतात, गॅस चेंबरही. आमचा मुलगा संध्याकाळी परत आला, वरण-भात दोनदा घेतला आणि काही बोलला नाही. झोपायला जाताना दारात थांबून म्हणाला, “आई, तिथे फुटबॉलचं ग्राउंड होतं.”

होतं. एसएस म्हणजे छावण्या चालवणारं नाझींचं सशस्त्र दल, त्याच्या पहारेकऱ्यांचा संघ तिथल्या लीगमध्ये खेळायचा. घरचे सामने छावणीला लागूनच असलेल्या मैदानावर व्हायचे आणि आसपासचे गावकरी बघायला यायचे. मैदानाशेजारी, तारेच्या कुंपणापलीकडे, आजारी कैद्यांना मरायला टाकलेलं असायचं. गोल झाल्यावरचा आरडाओरडा त्यांच्यापर्यंत जातच असणार. मुलगा स्वतः लेफ्ट बॅक खेळतो. पायऱ्यांबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

त्या रात्री मी माउटहाउझेनबद्दल वाचत बसले आणि एका आगगाडीपाशी अडकले. २४ ऑगस्ट १९४०. फ्रान्समधल्या आंगुलेमहून ९२७ स्पॅनिश निर्वासितांना घेऊन ही गाडी माउटहाउझेन स्टेशनात लागली. स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोच्या हातून निसटून फ्रान्सला आलेली ही कुटुंबंच्या कुटुंबं. पुरुष उतरवले, आणि त्यांच्याबरोबर तेरा वर्षांवरचे मुलगेही. चारशेवर. बायका आणि लहान पोरं डब्यातच. मग तीच गाडी त्यांना घेऊन परत फिरली, ती थेट स्पेनला, ज्याच्या धास्तीने ते पळाले होते त्याच्याच दारात. उतरलेल्यांपैकी बहुतेक जण परत आले नाहीत. माझा चौदाचा आहे, उंची पाच फूट आठ. मी एक कागद सही करून दिला होता. त्या आयांकडे कुणी कागद मागितला नाही.

आता माकडिणीकडे येते. तिच्या गोष्टीत पाणी बेताबेताने चढतं, दर टप्प्याला तिला काहीतरी करता येतं. ऑश्विट्झ या नाझींच्या सगळ्यात मोठ्या छावणीच्या फलाटावर निकाल काही मिनिटांत लागायचा. पुरुष एकीकडे, बायका-मुलं दुसरीकडे, मग डॉक्टरचं बोट डावीकडे किंवा उजवीकडे. कडेवर लहान मूल असलेली बाई कितीही धडधाकट असली तरी मुलासकट गॅस चेंबरकडे. सामान उतरवायला ठेवलेले जुने कैदी तरुण आयांच्या कानात कुजबुजायचे, पोर आजीकडे दे. वाचलेल्यांच्या साक्षींमध्ये हे येतं. म्हणजे मूल छातीशी धरलं तर दोघंही जाणार, आणि सोडलं तर आई कदाचित जगणार. जी बाई चार दिवस बंद वाघिणीत उभी राहून अर्धमेली उतरली आहे, जिला पुढे काय आहे याचा पत्ता नाही, तिने अर्ध्या मिनिटात हे ठरवायचं. जिने पोर सासूच्या हातात दिलं आणि जी पुढची पन्नास वर्षं ते आठवत जगली, तिने पिल्लू पायाखाली घेतलं का? दहावी ‘ब’ने सांगावं.

पायाखाली घेतल्याच्याही गोष्टी आहेत, त्या मी झाकत नाही. दिवसाला तीनशेएक ग्रॅम पाव आणि पाण्यासारखं सूप एवढ्यावर दगड उचलायला लावले की तो पाव हाच देव होतो. मुलाने बापाचा पाव घेतल्याचं, भावाने भावाला ओळख न दिल्याचं वाचलेल्यांनीच सांगितलं आहे. पुढे लेखक झालेला एली विझेल पंधरा वर्षांचा असताना कुटुंबासह ऑश्विट्झला आला. आई आणि धाकटी बहीण त्याच रात्री गेल्या. पुढचे आठ महिने तो आणि वडील एकमेकांना धरून जगले. जानेवारी १९४५ मध्ये जर्मनीतल्या बुखेनवाल्ड छावणीत वडील अतिसाराने अखेरच्या घटका मोजत होते, त्याला हाका मारत होते, एसएसवाला त्यांना मारत होता, आणि मुलगा मार बसेल या भीतीने हलला नाही. सकाळी त्या जागी दुसराच आजारी माणूस होता. पोराला रडू आलं नाही. उलट आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. हे त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. पुढे त्याला शांततेचं नोबेल मिळालं, जगभर मान मिळाला, तरी ती रात्र त्याने कधी गुळगुळीत करून सांगितली नाही. त्याने स्वतःवर खटला भरला, तो त्याचा अधिकार. आपण न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसायचं काही कारण नाही.

आणि बसायचंच असेल तर आधी त्या हौदाचा पंचनामा करू या. बिरबलाच्या गोष्टीत एक गंमत आहे. माकडिणीचं वागणं आपल्याला पायरीपायरीने सांगतात, पाणी सोडणाऱ्यावर एक ओळ नाही. ‘हौद भरायला लावला,’ संपलं. कुणी भरला? त्याला पगार होता का? संध्याकाळी घरी जाऊन तो पोरांशी खेळला का? छावण्यांच्या बाबतीत याची उत्तरं कागदावर आहेत. जर्मन रेल्वे या गाड्यांचं रीतसर भाडं लावायची. तिसऱ्या वर्गाचा दर, फक्त जाण्याचा. दहा वर्षांखालच्यांना अर्धं तिकीट, चारच्या आतल्यांना माफ. मोठा समूह असला की सवलत. कुणीतरी टेबलाशी बसून मुलांची वयं मोजत हा हिशेब केला आहे. भट्ट्या एरफुर्टच्या कंपनीने बनवल्या आणि तिचे इंजिनियर जागेवर येऊन काम बघून जायचे. घरं फोडायला एवढी यंत्रणा लागली. एवढं करून काही नाती फुटली यात मला नवल वाटत नाही. फुटली नाहीत त्याचं वाटतं.

कारण तीही होती. ऑश्विट्झच्याच बिर्केनाउ या भागात सप्टेंबर १९४३ पासून एक ‘कुटुंब छावणी’ होती, आजच्या चेकियातल्या तेरेझीनश्टाट या ज्यूंना कोंडलेल्या गावातून आणलेल्या ज्यू कुटुंबांची. बाहेरच्या जगाला पत्रं दाखवता यावीत म्हणून यांना एकत्र ठेवलं होतं. जुलै १९४४ मध्ये ती मोडायचं ठरलं तेव्हा धडधाकट बायकांना कामासाठी निवडून नेणार होते, मुलं मागे ठेवायची अट होती. मागे म्हणजे काय हे तोवर सगळ्यांना कळलं होतं, धुराडी समोर होती. बहुतेक आया मुलांपाशी थांबल्या. पाणी नाकावरून गेलं होतं आणि पिल्लू डोक्यावरच होतं. बिरबलाच्या दरबारात ही साक्ष कुणी काढली नसती.

बायकांच्या छावण्यांत आणखी एक गोष्ट झाली. ज्यांचं घरचं कुणी उरलं नव्हतं त्या दोघी-तिघींचं कुटुंब करून राहिल्या. पाव वाटून घ्यायच्या, हजेरीत एकमेकींना टेकू देऊन उभ्या राहायच्या. जर्मनमध्ये यांना ‘लागरश्वेस्टर’ म्हणतात, छावणीतली बहीण. आपल्याकडे याला शब्द शोधावा लागत नाही. मानलेली बहीण.

छावण्यांतून वाचलेला इथला ज्यू मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल, त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय व्हिएन्नातून हा विषय संपवता येणार नाही, कारण भारतातून मला जे सुविचार येतात त्यातले निम्मे त्याच्या नावावर असतात. उत्तेजना आणि प्रतिसाद यांच्या मधल्या जागेबद्दलचं जे वाक्य सगळ्यात जास्त फिरतं ते तर त्याच्या लिखाणात सापडतच नाही. मनाची ताकद असली की माणूस कशातूनही तरतो, असा काहीसा फ्रांकल आपण करून ठेवला आहे. सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना वाचण्यासारखा. खरा फ्रांकल ज्या घरात युद्धानंतर शेवटपर्यंत राहिला ते मारिआनेनगासेमधलं घर माझ्या दवाखान्यापासून दहा मिनिटांवर आहे. मला त्याची आठवण येते ती वेगळ्याच कारणाने. त्याच्या हातात अमेरिकेचा व्हिसा आला होता.

व्हिसा त्याला एकट्याला. आईवडील इथेच राहणार होते. हॉस्पिटलमधल्या त्याच्या हुद्द्यामुळे तो होता तोवर त्यांनाही थोडं संरक्षण होतं. काय करावं कळेना, असा तो घरी आला तर टेबलावर संगमरवराचा एक तुकडा पडलेला. नाझींनी उद्ध्वस्त केलेल्या सिनेगॉगच्या ढिगाऱ्यातून वडिलांनी उचलून आणलेला. त्यावर एक सोनेरी हिब्रू अक्षर होतं. वडील म्हणाले, हे दहा आज्ञांपैकी एकीतलं आहे, आईवडिलांचा मान राख, त्या आज्ञेतलं. फ्रांकलने व्हिसाची मुदत जाऊ दिली. सप्टेंबर १९४२ मध्ये सगळे तेरेझीनश्टाटला. तिथे वडिलांचा श्वास कोंडला तेव्हा याने चोरून आणलेलं मॉर्फिन त्यांना टोचलं, काही हवंय का, काही सांगायचंय का, असं विचारलं. नाही म्हणाले. आई पुढे ऑश्विट्झला गेली. भाऊही गेला. बायको टिलीला तिच्या कामामुळे ऑश्विट्झच्या गाडीतून सूट होती, तरी ती हट्टाने नवऱ्यामागे आली आणि शेवटी बेर्गेन-बेल्झनच्या छावणीत मरण पावली. हा वाचला.

इथल्या मराठी मंडळात ही गोष्ट मी एकदा सांगितली तर एक काका म्हणाले, बघा, याला म्हणतात संस्कार. माझ्या घशाशी आलेलं मी गिळलं. वडील गेले तेव्हा, मे २०२१ मध्ये, मी त्यांना फोनच्या स्क्रीनवर पाहिलं. विमानं बंद होती हे एक कारण. मुलगा लहान होता, नोकरीत प्रोबेशन होतं ही दुसरी दोन, जी मी सहसा सांगत नाही. भावाने पीपीई किट घालून अग्नी दिला आणि फोन धरायला तिथल्याच एका कर्मचाऱ्याला सांगितलं. माझी आणि फ्रांकलची तुलना नाही, त्याच्यासमोर जे होतं त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही माझ्यासमोर नव्हतं. पण तो थांबला म्हणून चांगला मुलगा आणि गेला असता तर वाईट, एवढाच निकाल लावायचा असेल तर वेस्टबानहोफवर यावं.

व्हिएन्नाच्या या जुन्या स्टेशनात ब्राँझचा एक लहान मुलगा बॅगेवर बसलेला आहे. येता-जाता लोक त्याच्या शेजारी कॉफीचे कप ठेवून जातात. १० डिसेंबर १९३८ रोजी इथून सुमारे सहाशे ज्यू मुलांची पहिली गाडी इंग्लंडकडे निघाली. युद्ध सुरू होईपर्यंत नाझींच्या ताब्यातल्या मुलखातून अशी दहाएक हजार मुलं गेली. आईबापांशिवाय. एक छोटी बॅग, गळ्यात नंबर. ज्यांनी ओंजळीतलं पोर अनोळखी माणसांच्या हवाली केलं त्या आयांनी त्याला सोडलं की वाचवलं? युद्ध सुरू झाल्यावर पत्रं बंद झाली, रेड क्रॉसमार्फत निरोप जायचा, त्याला मर्यादा पंचवीस शब्दांची. मी एकदा बसून पंचवीस शब्दांत मुलाला पत्र लिहून पाहिलं. ‘जेवत जा, स्वेटर घाल’मध्येच चार गेले. मग पुढे लिहवेना.

म्हणून हौदातल्यांची परीक्षा घेऊ नये. काठावरच्यांची घ्यायला मात्र माझी ना नाही.

२ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री माउटहाउझेनच्या विसाव्या बराकीतले सुमारे पाचशे सोव्हिएत युद्धकैदी, बहुतेक अधिकारी, विजेच्या तारांवर ओली ब्लँकेटं टाकून पळाले. उपाशी, बर्फात, अनवाणी. एसएसने आसपासच्या गावांना फर्मान काढलं, दिसेल त्याला मारा. आणि गावं निघाली. पोलीस, हिटलर युथची पोरं, साधे शेतकरी. यांच्यापैकी कुणाच्या नाकाशी पाणी आलं नव्हतं. या प्रकाराचं नाव इथे अजून ‘सशांची शिकार’ असंच आहे. युद्ध संपेपर्यंत तगलेले अकराच माहीत आहेत. त्यातल्या दोघांनी श्वेर्टबेर्गजवळच्या एका शेतघराचं दार वाजवलं. घर लांगथालर कुटुंबाचं. घरधनीण मारिया, तिचे स्वतःचे मुलगे जर्मन सैन्यात, आघाडीवर. म्हणजे हे दोघं ज्यांच्याशी लढले त्यांचीच आई. तिने त्यांना आत घेतलं, तीन महिने माळ्यावर लपवलं, घराची झडती झाली तरी तोंड उघडलं नाही. तिला एवढंच वाटत होतं की आपलीही पोरं कुठेतरी अशीच असतील, ती घरी यावीत.

हे वाचताना मला वळिवडं आठवतं. आम्ही कोल्हापूरचे. १९४३ ते १९४८ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची वसाहत होती, पाचेक हजार माणसं, मुख्यतः बायका आणि मुलं. स्टालिनने सैबेरियात आणि मध्य आशियात हाकलून कामाला जुंपलेले हे लोक. बापांचा पत्ता नाही, कित्येक पोरं वाटेतच पोरकी झालेली. इराणमार्गे फिरत फिरत पंचगंगेच्या काठी पोचली. आजी सांगायची, बाजारात त्या गोऱ्या बायका वांग्यांचा भाव करायच्या आणि मराठीत ‘लई म्हाग’ म्हणायच्या. नंतर तीच जागा फाळणीतून आलेल्या सिंधी कुटुंबांना मिळाली, आज ते गांधीनगर. आमच्या शाळेच्या इतिहासात यातली एक ओळ नव्हती. श्रावणबाळ मात्र दोनदा होता.

ग्रुपवर मी शेवटी यातलं काहीच लिहिलं नाही. ज्याच्यावर सगळे तुटून पडले होते त्याला सरळ फोन लावला. बायको चार वर्षांपूर्वी गेली, हे मला माहीत नव्हतं. शिरोली एमआयडीसीत बारा-बारा तासांच्या पाळ्या, वडिलांना स्मृतिभ्रंश, दोनदा कुलूप उघडून हायवेवर जाऊन उभे राहिलेले. दिवसाला ठेवलेली बाई आठवड्याने सोडून गेली, दुसरीने जास्त पैसे मागितले. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी विचारत गेले म्हणून सांगितलं. मधेच फोन लांब धरल्यासारखा आवाज आला, पाण्याचा, भांड्याचा.

“कुठे आहेस रे?”

“बाबांच्याकडेच. रविवार ना. दाढी करतोय त्यांची, हलतात सारखे. तुला नंतर लावू का?”